सेमी-अकूस्टिक गिटारचा जॅक: करकर, घूंऽऽ आणि मधेच गप्प. कुठून सुरुवात करायची

पिकअपवाली (म्हणजे आवाज पकडून केबलने अँपला पाठवणारी) गिटार रिपेअरला आली की तक्रार जवळजवळ ठरलेली असते, "आवाज येतो-जातो", आणि आणणाऱ्याने निदानही घरूनच करून आणलेलं असतं, की प्रीअँप (पिकअपचा आवाज वाढवणारं आतलं बॅटरीवरचं सर्किट) उडालाय, नवीन टाकायला किती पडतील. थांबा जरा. प्रीअँप इतक्या सहज उडत नाही, त्याच्या आधी जॅक (केबलची पिन घालायची जागा) जातो, आणि जॅक जायच्याही आधी त्याचा नट सैल होतो. नट सैल झाला की केबल घालताना-काढताना आतला अख्खा जॅक फिरायला लागतो, त्याला सोल्डर केलेल्या बारीक वायरींना पीळ बसत राहतो आणि मग कधीतरी नेमकी प्रोग्रॅमच्या दिवशी त्यातली एक तुटते. म्हणजे बिघाड दिसतो इलेक्ट्रिकल, पण त्याचं मूळ पान्याच्या कामात असतं. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात सोल्डरिंग आयर्न बऱ्याच उशिरा येतं, आणि बऱ्याच जणांना तिथपर्यंत जावंच लागणार नाही.

आधी जॅक कसा चालतो ते दोन मिनिटांत समजून घ्या, नाहीतर पुढची लक्षणं नुसती पाठ करावी लागतील. गिटारची केबल मोनो असते, पिनला दोनच भाग, टोक आणि दांडा. पण बॅटरीवाल्या गिटारमधला जॅक बहुतेक वेळा स्टिरिओ असतो, म्हणजे त्यात तीन पत्त्या असतात: टिप, रिंग आणि स्लीव्ह. टिपवर आवाज, स्लीव्हवर अर्थ (अर्थिंग), आणि रिंगला बॅटरीची काळी वायर. मोनो पिन आत गेली की तिचा दांडा रिंग आणि स्लीव्ह जोडून टाकतो, बॅटरीचं सर्किट पूर्ण होतं, प्रीअँप चालू. केबल हाच तुमच्या प्रीअँपचा स्विच आहे. (केबल गिटारमध्ये तशीच विसरली की न वाजवताही बॅटरी उतरत राहते ती याचमुळे.)

कुठली पत्ती रुसली की काय होतं

पिन हलवली की करकर, एका ठरावीक कोनात धरली की आवाज व्यवस्थित, सोडली की गेला: बहुतेक टिपची पत्ती ढिली पडलीय किंवा गंजलीय, नाहीतर नट सैल आहे.

एकदम मोठा घूंऽऽ, आणि गिटारचा आवाज त्याच्या मागे लांबून आल्यासारखा किंवा नाहीच: स्लीव्हची म्हणजे अर्थची वायर सुटलीय. केबलचाच अर्थ तुटला असेल तरी अगदी असंच ऐकू येतं, हे लक्षात ठेवा.

केबल घातली तरी प्रीअँपचा लाइट लागत नाही, घूं पण नाही, सगळं शांत, पण ट्यूनर मात्र चालतोय: रिंगवर संशय घ्या. कित्येक प्रीअँपमध्ये ट्यूनर केबल न लावताही चालतो, त्यामुळे ट्यूनर दिसला म्हणजे जॅक बरोबर आहे असं अजिबात नाही, त्यावरून फक्त बॅटरी पूर्ण मेलेली नाही एवढंच कळतं.

केबल काढून ठेवली तरी आठवड्यात बॅटरी खलास: रिंगची पत्ती वाकून स्लीव्हला चिकटलीय, किंवा सोल्डर करताना कुणीतरी वायरीचे केस सोडलेत आणि ते शेजारच्या पत्तीला टेकतायत. प्रीअँप चोवीस तास चालू राहतो.

जॅक बोटाने फिरतोय, किंवा पिन आत गेल्यावर टक् असा आवाज येत नाही: हे लक्षण लोक सोडून देतात कारण गिटार तर वाजत असते, पण दुरुस्ती सगळ्यात स्वस्तात होते ती ह्याच वेळी.

आणि एक गोष्ट जॅकची नाही: सगळ्या तारा ठीक आणि एखादीच तार दबकी वाजतेय. ते सॅडलखालच्या (तारा टेकतात त्या पट्टीखालच्या) पिएझोचं, म्हणजे आवाज पकडणाऱ्या पिकअपचं काम आहे, त्यासाठी जॅक उघडू नका.

फुकटातले चेक

केबल बदला. हसू नका, बिघडली म्हणून आणलेली गिटार माझ्याकडे येते आणि दुसऱ्या केबलवर झक्कास चालते असं सारखं होतं. बदलायची म्हणजे जी दुसऱ्या गिटारवर आत्ता वाजवून बघितलीय अशी केबल लावायची, कपाटातली दुसरी जुनी नाही. अँपचा इनपुटही बदला, कारण जसा गिटारचा जॅक ढिला होतो तसाच अँपचाही होतो, आणि तो तर कोणी बघतच नाही. अजून एक, कीबोर्ड किंवा स्पीकरबरोबर आलेली केबल उचलून लावली असेल तर तिच्या पिनवर काळ्या कड्या मोजा. एक कडी म्हणजे मोनो, दोन कड्या म्हणजे स्टिरिओ. स्टिरिओ पिन रिंग आणि स्लीव्ह जोडत नाही त्यामुळे प्रीअँप चालूच होत नाही, आणि गिटार मेली असं समजून माणूस घरी जातो.

मग बॅटरी. ९ व्होल्टची असते, मीटरवर ८ च्या खाली दाखवली तर बदला आणि पुढचे सगळे चेक नव्या बॅटरीवरच करा. उतरलेल्या बॅटरीवर आवाज फाटतो, बारीक होतो, मधेच जातो, म्हणजे सगळी लक्षणं जॅकचीच. अल्कलाइन घ्या, साधी स्वस्तातली लवकर उतरते आणि विसरून राहिली तर गळते. क्लिपच्या दोन टोप्या ढिल्या असतील तर चिमट्याने किंचित दाबा, हिरवं किंवा पांढरं काही जमलं असेल तर साफ करा. आमच्याकडे किनाऱ्याला पावसाळ्यात हे भरपूर बघायला मिळतं, मे महिन्यात चांगली असलेली गिटार गणपतीत काढली की क्लिप हिरवी.

आता नट. जॅक दोन जागी असतो, एकतर बाजूच्या फळीवर पत्र्याच्या नाहीतर प्लास्टिकच्या प्लेटवर, नाहीतर खाली पट्ट्याच्या बटणातच, ज्याला एंडपिन जॅक म्हणतात. दोन्हीत बोटाने हलवून बघा. हलत असेल तर पाना घ्यायचा मोह होतो, आणि इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. बाहेरून नट आवळला की आतला जॅक नटाबरोबर फिरतो, वायरी पिळल्या जातात, नट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि आत डाख (सोल्डरचा जोड) सुटलेला असतो. नट आवळायचा तर जॅक धरून ठेवा. एंडपिन जॅकवर पट्ट्याची टोपी हाताने फिरवून काढा, आत नट दिसेल, आणि बहुतेक मॉडेलमध्ये त्या नळीच्या तोंडाशी आडवं बारीक भोक असतं, त्यात बारीक अॅलन की किंवा खिळा घालून नळी धरायची आणि मग नट पान्याने फिरवायचा. प्लेटवरच्या जॅकला तसलं भोक नसतं. तिथे प्लेटचे स्क्रू काढून प्लेट अलगद बाहेर घ्या आणि जॅक मागून बोटांनी धरा. साध्या जॅकच्या नटाला अर्ध्या इंचाचा पाना बरोबर बसतो, १३ चा थोडा ढिला बसतो पण चालून जातो. पक्कड नको, नटाचे कोपरे जातात आणि घसरली की पॉलिशवर ओरखडा. किती घट्ट? हाताने बसवून वर पाव फेरा. जोर लावून आवळला तर पातळ फळी दबते.

थोडा खर्च: साफसफाई

नट घट्ट आहे आणि तरी करकर आहे तर गंज. बॅटरी काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, मेडिकलमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, नाहीतर कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे. पिन ओली करून जॅकमध्ये दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा, मधे पिन पुसा, काळं येईल. कानात घालायची काडी ओली करून फिरवली तरी चालते, पण कापूस आत सोडू नका. पूर्ण सुकू दे, मग बॅटरी. सायकलच्या चेनला मारतात ते गंजविरोधी तेल मारू नका, ते मागे थर ठेवतं आणि त्यावर धूळ बसून दोन महिन्यांनी परत तेच. सॅंडपेपर तर नकोच, पत्तीवरचं प्लेटिंग एकदा निघालं की गंज अजून लवकर धरतो.

साफ केल्यावर करकर कमी झाली आणि महिन्याभरात परत आली तर पत्तीचा ताण गेलाय, मग साफसफाईत अजून वेळ घालवू नका.

उघडण्याआधी मीटर

साधा पिवळा मल्टिमीटर कुठेही मिळतो, पुण्यात तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर जॅक, सोल्डर, मीटर सगळं एकाच फेरीत होतं. मला आवडणारा चेक हा, कारण गिटार न उघडता रिंग आणि स्लीव्हबद्दल खरं काय ते कळतं: बॅटरीची क्लिप अशी फिरवा की एकच टोपी लागलेली राहील, दुसऱ्या टोपीच्या आणि बॅटरीच्या मधे मीटर घाला, मिलिअँपच्या २०० वाल्या रेंजवर. ट्यूनर बंद करा. केबल नसताना शून्य यायला पाहिजे. काही आलं तर बॅटरी कोण खातंय ते कळलं, रिंग शॉर्ट आहे. केबल घाला, काही मिलिअँप दिसतील, म्हणजे प्रीअँप चालू झाला. आता पिन हळूहळू हलवा. आकडा धडपडला, मधेच शून्य झाला तर रिंग किंवा स्लीव्ह पकड सोडतेय. आकडा खांबासारखा स्थिर आहे आणि आवाज तरीही जातोय तर टिप, नाहीतर जॅकच्या पलीकडचं काहीतरी. इतकं ठरवून मगच स्क्रू ड्रायव्हर उचला.

दुसरा चेक, व्हॉल्यूम पूर्ण वर, केबल गिटारमध्ये, मीटर बझरवर, केबलच्या मोकळ्या टोकाच्या टिप आणि दांड्याला लावा. बझर वाजला म्हणजे शॉर्ट आहे. गिटारमधून केबल काढा आणि मीटर परत त्याच टोकाला लावा, तरीही वाजला तर केबलच शॉर्ट, वर म्हटलंच होतं.

आता उघडायचं

प्लेटवाला जॅक सोपा, चार स्क्रू आणि वायरीच्या लांबीएवढा बाहेर येतो. ओढू नका, वायर पुरत नसेल तर साउंडहोलमधून (तारांखालच्या गोल भोकातून) हात घालून आतून सोडवा. जॅक आणि बॅटरी एकाच प्लास्टिकच्या डबीत असतात अशा गिटार पण असतात, त्यात जॅक छोट्या सर्किट बोर्डवर सोल्डर केलेला असतो आणि पिनच्या धक्क्यांनी त्या डाखाभोवती केसासारखी गोल चीर पडते. भिंगाने बघितल्याशिवाय दिसत नाही. तिथे नवीन सोल्डर देऊन डाख ताजा केला की प्रकरण मिटतं. पण बोर्डवरची तांब्याची पट्टीच उचलली गेली असेल तर थांबा, ते जमणाऱ्याकडे द्या.

एंडपिनवाला काढताना कॅपो (मानेवर तारा दाबून धरणारा चिमटा) लावून तारा ढिल्या करा, म्हणजे खुंट्यांवरच्या गुंडाळ्या सुटत नाहीत, आणि साउंडहोलमधून हात जाईल इतकी जागा होते. बाहेरचा नट आणि वायसर काढा. जॅक आत ढकलायच्या आधी त्याच्या भोकात बाहेरून एक लांब लाकडी काडी बसवून ठेवा, घट्ट बसेल अशी, बांबूची सळई पण चालते. काडीसकट जॅक आत ढकलायचा, साउंडहोलमधून जॅक बाहेर घ्यायचा, काडी तशीच खालच्या भोकातून जाणारी ठेवायची किंवा तिच्या जागी मजबूत दोरा ओवून ठेवायचा. काम झालं की त्याच काडीवर किंवा दोऱ्यावर जॅक ओढून थेट भोकात. हे केलं नाही तर अंधारात बोटाच्या टोकाने बारा मिलिमीटरच्या भोकात जॅक घालत बसाल, एक अख्खी संध्याकाळ गेली समजा.

जॅक हातात आला की आधी मोबाईलवर फोटो, सगळ्या बाजूंनी. रंगांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक कंपनीचे वेगळे. कुठली पत्ती कुठली हे मीटरच सांगेल: जी आट्यांच्या धातूला सलग जोडलेली ती स्लीव्ह. मोनो पिन आत घातल्यावर जी नव्याने स्लीव्हला जोडली जाते ती रिंग. उरलेली टिप. (काही जॅकना जास्तीच्या स्विचच्या पत्त्या असतात, त्यांना काही जोडलेलं नसेल तर सोडून द्या.)

उघड्या सांगाड्याचा जॅक असेल आणि टिपची पत्ती नुसती ढिली असेल तर पिन बाहेर ठेवून ती बारीक स्क्रू ड्रायव्हरने जराशी आत वाकवा, जराशी म्हणजे खरंच जराशी, पिन घातल्यावर टक् यायला लागलं की बास. बंद नळीचा एंडपिन जॅक असेल तर आतली पत्ती वाकवता येत नाही, तो बदलायचा.

सोल्डर करायचं तर घरच्या २५ वॅटच्या आयर्नने होतं. गिटारच्या पोटात हात घालून सोल्डर करू नका, जॅक बाहेर आणा आणि साउंडहोलच्या कडेला जाड पुठ्ठा आणि कापड ठेवा, एक थेंब पडला तर पॉलिश गेलंच. बॅटरी काढलेली हवी. जॅकमध्ये एक जुनी पिन घालून ठेवा, गरम झाल्यावर आतलं प्लास्टिक मऊ पडलं तरी पत्त्या जागा सोडत नाहीत. वायरीचं टोक कापून नवीन सोला, आधी वायरीला आणि पत्तीला वेगवेगळं सोल्डर लावून घ्या, मग दोघांना एकत्र गरम करा. तीन-चार सेकंदांत बसायला हवं. स्लीव्हला थोडा जास्त वेळ लागतो कारण ती सगळ्या धातूला जोडलेली असते आणि उष्णता तिकडे पळते. डाख चकचकीत आणि उतरता दिसला पाहिजे, गोळा बसलाय आणि मळकट दिसतोय तर तो धरणार नाही. जाळीच्या वायरीचे केस नीट पिळून एकत्र घ्या. एक सुटा केस टिपला लागला की गिटार गप्प, आणि रिंगला लागला की बॅटरी खलास.

जॅक नवीन घेताना जुना बरोबर न्या. बॅटरीवाली गिटार असेल तर स्टिरिओच घ्या, दुकानदार "सेमच आहे" म्हणून मोनो हातात ठेवेल, तो लावला तर बॅटरीची काळी वायर जोडायला जागाच नाही. आट्यांची लांबी पण बघा, प्लेटसाठीचा आखूड जॅक एंडपिनमागच्या जाड लाकडी ठोकळ्यातून बाहेर येतच नाही. थोडे पैसे जास्त देऊन स्विचक्राफ्ट किंवा न्यूट्रिकसारखा घ्या. जॅक रोज झिजतो, बाकी गिटार इतकी झिजत नाही.

बसवताना आतल्या बाजूला दातेरी वायसर यायलाच पाहिजे. हा लोक फेकून देतात, आणि जॅक फिरू नये म्हणून तोच असतो. बाहेर सपाट वायसर, मग नट. शेवटी नटाच्या कडेला नेलपॉलिशचा एक ठिपका, कंपनाने सुटत नाही आणि पुढच्या वेळी पान्याने निघतोही. फेविक्विक टाकू नका हो, तो पातळ असल्यामुळे आट्यांतून आत पत्तीवर जातो आणि मग माझ्यासारख्याला जॅक कापून काढावा लागतो.

इथे हात थांबवा

जॅकभोवतीच्या लाकडाला चीर गेली असेल, फळी आत दबली असेल, किंवा गिटार एंडपिनवर पडून ठोकळाच फुटला असेल तर नट आवळू नका, सोल्डर करू नका, तारा ढिल्या करा आणि गिटार रिपेअरवाल्याकडे न्या. चीर नवीन असते तोवर सरस घालून व्यवस्थित बसते, वाजवत राहिलात तर लांबते. भोक मोठं करायचं काम पण त्याच्याकडेच द्या, साध्या ड्रिलने लाकडाचे तुकडे उडतात.

गिटार वॉरंटीत असेल तर स्क्रूला हात लावू नका, आधी दुकानात विचारा.

जॅक मीटरवर ठणठणीत, केबल, बॅटरी नवीन, आणि तरी आवाज नाही, तर प्रीअँपच्या मागे पिएझोची छोटी पिन निघालीय का एवढं बघा. ती नीट बसलेली असेल तर पुढे जाऊ नका. पिएझोची वायर नाजूक असते, ती साध्या वायरीसारखी सोलून जोडता येत नाही, आणि बोर्डचा फॉल्ट घरच्या मीटरवर सापडत नाही.

आणि शेवटचं, हे जॅकचं नाहीच पण लोक जॅकचं म्हणून आणतात. मांडवात, जनरेटरवर किंवा जुन्या हॉलमध्ये तारांना हात असताना माइकला ओठ लागला आणि झिणझिण्या आल्या, करंट जाणवला, तर वाजवणं लगेच थांबवा. गिटारची बॅटरी ९ व्होल्टची आहे, तिचा करंट लागत नाही. तो अँपच्या किंवा साउंड सिस्टिमच्या अर्थिंगचा घोटाळा आहे, २३० व्होल्टचा, आणि तिथे इलेक्ट्रिशियन लागतो. "अर्थची पिन काढून लाव, घूं जाईल" असं कोणी सांगितलं तर त्याचं ऐकू नका, घूं परवडतो, जीव गेलेला परवडत नाही.

जॅक टिकवायचा तर केबल आधी पट्ट्यातून ओवून घ्या आणि मग जॅकमध्ये घाला, पाय पडला तरी झटका पट्ट्यावर येतो. बाजूच्या जॅकला एल आकाराची पिन बरी, पण ती फिरवून-फिरवून सरळ करायची सवय असेल तर तीच पिन पान्यासारखी नट ढिला करते. एंडपिनमध्ये केबल असताना गिटार खाली टेकवून भिंतीला उभी करायची नाही. आणि वाजवून झालं की केबल काढायची, बॅटरीसाठी तरी.